गैरहजेरीची फी

शैलेंद्रने हेल्मेट काढून मागच्या सीटवर टाकलं, दार उघडं ठेवूनच बुटांतली वाळू झटकली आणि गाडी सुरू करणार तेवढ्यात फोन वाजला. स्वरूप कारखानीस, त्याचा साहेब. तीन वाजून पाच मिनिटं झाली होती.

"निघालास की काय?" स्वरूपने विचारलं.

"निघतोच आहे, सर. चारची वेळ आहे माझी."

"अरे हो, आज मंगळवार नाही का! पण ऐक, कन्सल्टंटची माणसं येताहेत. चौथ्या मजल्याची डक्टची ड्रॉइंगं त्यांना आजच बघायची आहेत. तुझ्याशिवाय कोण दाखवणार?"

"मागच्या मंगळवारीही राहिलं, सर. ऐन वेळी रद्द केलं तर पूर्ण फी लागते. पस्तीस दिनार."

"ती कंपनी भरते ना? तू कशाला जिवाला लावून घेतोस? थांब तू. तुझ्या तब्येतीची काळजी आम्हालाही आहे."

फोन बंद झाल्यावर शैलेंद्र स्टिअरिंगवर हात ठेवून काही वेळ तसाच बसला. मग त्याच्या लक्षात आलं, की खांद्यांतला ताठा गेलाय. त्याला बरं वाटत होतं. त्याने बुदैयाच्या क्लिनिकला फोन लावला, आज येता येणार नाही म्हणून सांगितलं, आणि हेल्मेट पुन्हा डोक्यावर चढवलं.

कन्सल्टंटची माणसं पावणेपाचला आली. दोघं होती. त्यांनी दहा मिनिटं ड्रॉइंगं पाहिली, चहा घेतला आणि गेली.

बहारीनमध्ये, झल्लाकच्या किनाऱ्यावर ते हॉटेल उभं राहत होतं. सात मजले, समोर समुद्र. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात लिफ्टच्या शाफ्टमधली परांची पाचव्या मजल्यावरून सुटली आणि तिच्यावर उभा असलेला संतोष परब सरळ खाली खड्ड्यात गेला. संतोष कुडाळकडचा, एकतीस वर्षांचा. कमरेचा पट्टा त्याने बांधला होता, पण पट्ट्याचा हूक त्याच परांचीच्या पाइपात अडकवलेला होता. असल्या कामाला रोज सकाळी परमिटवर इंजिनिअरची सही लागते. त्या दिवशीची सही शैलेंद्रची होती.

मृतदेह गावी गेला. इथल्या मराठी मंडळाने वर्गणी काढली, शोकसभा झाली, तिच्यात स्वरूप बोलला आणि बोलता बोलता त्याचा आवाज दाटला. शैलेंद्र मागच्या रांगेत बसला होता. त्यानंतर त्याची झोप गेली. रात्री दोनला जाग यायची ती यायचीच. साइटवर पाचव्या मजल्याच्या जिन्यापाशी आला की पाय थांबायचे. मजूर बाजूने वर जात, आणि हा कठडा धरून उभा. ते स्वरूपने पाहिलं आणि स्वतःच पुढाकार घेतला. काउन्सेलरकडे जा, म्हणाला, आठ सेशन्सचे पैसे कंपनी देईल. यात लाज कसली? स्वरूपनेच सहा वर्षांपूर्वी त्याला पुण्याहून इथे आणलं होतं. गणपतीला दोन्ही घरं एकत्र जेवायची. शैलेंद्रला तेव्हा भरून आलं होतं.

पहिल्या सेशनला तो गेला. बुदैया हायवेला लागून रोपवाटिकांची रांग आहे, तिच्या मागच्या एका व्हिलात क्लिनिक होतं. काउन्सेलरचं नाव अरीबा. चाळिशीची, हैदराबादच्या घराण्यातली, पण जन्म आणि शाळा सगळं बहारीनमधलं. ती हिंदी सावकाश बोलायची, वाक्य संपल्यावर गप्प राहायची. त्या गप्प राहण्याचीच त्याला धास्ती वाटली.

तिने नियमांचा कागद पुढे केला. चोवीस तास आधी कळवलं नाही तर पूर्ण फी. बिल कंपनीला जाईल.

"आणि मी इथे जे बोलेन ते?" त्याने हिंदीत विचारलं.

"वो नहीं जाता. बिल में सिर्फ़ इतना जाता है, आप आए या नहीं आए."

त्याने सही केली. मग पन्नास मिनिटं तो झोपेबद्दल बोलला. गोळ्या घ्याव्यात का, चहा कमी करावा का. त्या सकाळचा विषय निघाला तसं त्याने समोरचा पाण्याचा ग्लास उचलला, एका दमात संपवला आणि वेळ झाली का म्हणून विचारलं. अजून अकरा मिनिटं होती. ती अकरा मिनिटं त्याने एसीच्या आवाजाकडे कान लावून काढली.

त्यानंतरच्या मंगळवारी नगरपालिकेची तपासणी निघाली. त्याच्या पुढच्या मंगळवारी ही ड्रॉइंगं. आणि त्याच्याही पुढच्या मंगळवारी काँक्रीटच्या गाड्या सकाळऐवजी दुपारी आल्या. शैलेंद्र दर वेळी क्लिनिकला फोन करून माफी मागायचा. रिसेप्शनवरची शमा मोकळ्या स्वभावाची मुलगी होती.

"सर, आप टेन्शन मत लो," ती तिसऱ्या वेळी म्हणाली. "दूसरी कंपनियाँ मिस्ड सेशन के पैसे के लिए महीनों झगड़ा करती हैं. आपकी कंपनी उसी दिन भर देती है. बहुत अच्छी कंपनी है, माशाल्ला."

त्यानेही हसून हो म्हटलं.

झिंजमधल्या फ्लॅटमध्ये रात्री जेवताना त्याच्या बायकोने, स्मिताने विचारलं, "आजही नाही ना गेलास?"

"काँक्रीट होतं."

"मंगळवारीच बरं सगळं निघतं."

"साइट आहे ती. साइटला वार कळतो का?"

स्मिताने त्याच्या ताटात भात वाढला आणि ती खाली बसली. जरा वेळाने म्हणाली, "आज दिवाळीच्या कार्यक्रमाची मीटिंग होती. भक्तीवहिनींनी मला बाजूला घेतलं." भक्ती म्हणजे स्वरूपची बायको. "म्हणाल्या, त्याला फार एकटं सोडू नकोस. रात्रीचं गाडी चालवू देऊ नकोस. म्हणाल्या, असल्या माणसाच्या मनात काय येईल सांगता येत नाही."

शैलेंद्रचा घास हातातच राहिला. "असल्या माणसाच्या?"

"तसंच म्हणाल्या. आणि सगळ्याजणी माझ्याकडे बघत होत्या. म्हणजे त्यांना आधीच माहीत होतं."

नऊ वर्षांचा ओजस टॅबवरून डोळे न काढता म्हणाला, "बाबा, आर यू सिक?"

"नाही रे."

"अद्वैत सेड यू आर. ही सेड स्वरूप अंकल टोल्ड हिज डॅड."

अद्वैत म्हणजे मंडळातल्याच एका घरचा मुलगा. स्मिता उठली आणि आमटी गरम नसतानाही पातेलं घेऊन आत गेली.

दुसऱ्या दिवशी शैलेंद्रने क्लिनिकला सांगून मंगळवारच्या जोडीला आणखी एक वेळ घेतली. शनिवार, सकाळी दहा. इथे सुट्टी शुक्रवार-शनिवारी, साइट बंद असते. बिल तिकडे जातं म्हणून ऑफिसातल्या कश्मिराला तेवढं कळवलं. कश्मिरा एचआरचं काम पाहायची. मुंबईची होती, त्याच्याशी मराठीतच बोलायची. तिने "बरं केलंस" म्हटलं आणि कागदावर लिहून घेतलं. दुसऱ्या कोणाला त्याने सांगितलं नाही. स्वरूपला तर नाहीच.

शनिवारी सव्वानऊला तो लिफ्टमधून खाली उतरत होता तेव्हा स्वरूपचा फोन आला.

"सुट्टीच्या दिवशी त्रास देतोय. सित्राच्या गोडाउनला जरा जाऊन ये. फायर डोअर आलेत म्हणे, पण नग कमी आहेत. कस्टम्सचा माणूस अकरापर्यंतच थांबणार आहे."

"सर, आज मला—"

"काय आहे आज?"

शैलेंद्र पार्किंगच्या दारात उभा होता. स्वरूपच्या त्या प्रश्नात उत्सुकता नव्हती. उत्तर माहीत असलेला माणूस विचारतो तसं ते विचारणं होतं.

"काही नाही," शैलेंद्र म्हणाला. "जातो."

सित्राला गोडाउनचं शटर अर्धं खाली होतं. केरळी स्टोअरकीपर आत पंख्याखाली पेपर वाचत होता. त्याने शैलेंद्रला पाहून खुर्ची पुढे सरकवली. फायर डोअर? दरवाजे तर पुढच्या महिन्यात यायचे होते. कस्टम्सचा कोणी माणूस आज येणार नव्हता. शनिवारी कस्टम्सचा माणूस कशाला येईल?

"मफी, सर," तो अरबीत म्हणाला, मग हात पालथे करून हिंदीत. "कुछ नहीं आया."

शैलेंद्रने त्याच्या मागे पाहिलं. गोडाउनच्या टोकापर्यंत टाइल्सच्या पेट्या, रंगाचे डबे, प्लॅस्टिकात गुंडाळलेल्या बेसिनांच्या उभ्या रांगा. तिथे उभा असतानाच फोनवर मेसेज आला. क्लिनिकचा. *आपण आजच्या सेशनला आला नाहीत.* पाच मिनिटांनी दुसरा. *फी जमा झाली. धन्यवाद.*

सुट्टीचा दिवस होता. कंपनीचा अकाउंट्स विभाग बंद होता.

रविवारी तो ऑफिसला गेला. कश्मिरा कॉम्प्युटरकडे बघत राहिली.

"शनिवारचं तू कोणाला सांगितलंस?" त्याने विचारलं.

"मला विचारलं जातं, शैलेंद्र. दर आठवड्याला विचारलं जातं." तिने आवाज खाली घेतला. "तुझी बिलं मेडिकलच्या फाइलला नाही लावत आपण. वेगळी फाइल आहे, स्वरूप सरांच्या खोलीत. मला फक्त प्रिंट काढून द्यायला सांगतात."

"कसली फाइल?"

ती टेबलावरचं स्टेपलर उघडून त्यात पिना भरू लागली. ते आधीच भरलेलं होतं. तो वळला तेव्हा मागून म्हणाली, "तू जात जा रे तिकडे. काहीही करून जा."

कसली फाइल ते सोमवारी स्वरूपनेच सांगितलं.

काम सुटल्यावर त्याने शैलेंद्रला आपल्या गाडीत घेतलं. झल्लाकच्या रस्त्याला करक चहाचं दुकान आहे, तिथून कागदी कपात दोन चहा घेतले आणि गाडी समुद्राच्या कडेला नेऊन उभी केली. ओहोटी होती. पाणी लांब गेलं होतं आणि मधला ओला चिखल चमकत होता. स्वरूपने इंजिन चालूच ठेवलं.

"बुधवारी तुला संतोषच्या केसमध्ये प्रॉसिक्यूशनला जबाबासाठी बोलावलंय," तो म्हणाला. "कागद आज आला. घाबरू नकोस. वकील आपला आहे, दुभाषाही आपण देतोय."

"काय विचारतील?"

"झालं तेच. तू सांगायचं, माझी मनःस्थिती ठीक नव्हती. सही केली तेव्हा भान नव्हतं."

"तेव्हा ठीक होती, सर. नंतर बिघडली."

स्वरूप हसला. "ज्याची बिघडते त्याला कुठे कळतं, कधीपासून बिघडली ते? बाहेरच्यांना दिसतं. भक्तीला दिसत होतं. मंडळातल्या चारजणांना दिसत होतं. कंपनीने तुला आठ सेशन्स दिली, तू एकाला गेलास. चुकलेल्यांची बिलं आहेत, सगळी भरलेली. कोणीही पाहिलं तर म्हणेल, कंपनीने आणखी काय करायचं? माणूस मदतच घेत नाही."

"तुम्ही थांबवलंत मला. दर वेळी."

"मी काम सांगितलं. कधी लेखी कळवलंस, की माझं सेशन आहे, येणार नाही? एकदा तरी?" त्याने चहाचा घोट घेतला. "खरं सांग, तुला जायचं होतं का?"

शैलेंद्रच्या कपातल्या चहावर साय धरली होती. त्याने ती बोटाने बाजूला केली.

"आणि संतोष पडला त्या दिवशी सकाळी सातला तू मला फोन केलास," स्वरूप म्हणाला. "बावन्न सेकंदांचा. तो गुरुवारच्या काँक्रीटबद्दल होता. आठवतंय ना?"

शैलेंद्रने कप डॅशबोर्डवर ठेवला. त्या फोनवर काँक्रीटचा शब्दही नव्हता. पाचव्या मजल्यावरच्या परांचीचे दोन क्लॅम्प सैल आहेत, तपासणीची तारीख उलटून गेलीय, आज परमिट देऊ नये असं वाटतं, एवढं तो बोलला होता. आणि स्वरूप म्हणाला होता, गुरुवारी लिफ्टवाले येताहेत, दोन दिवसांचा प्रश्न आहे, तू सही कर, मी बघतो.

"तो काँक्रीटबद्दल नव्हता, सर."

"बघ." स्वरूपने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. आवाज मऊ होता, आजाऱ्याच्या उशाशी बसल्यासारखा. "म्हणूनच म्हणतो, तुला विश्रांतीची गरज आहे. तू तसा जबाब दे. कोर्ट आजारी माणसाला समजून घेतं. थोडाफार दंड होईल, तो कंपनी भरेल. वर्षाचा पगार देतो. पुण्याला जा, आई-वडिलांजवळ राहा."

"आणि मी दुसरं काही बोललो तर?"

"तर काय? बोल की. पण डोकं ठिकाणावर नसलेल्या माणसाचं बोलणं कोण धरून बसणार? त्याने एवढंच होईल, की केस लांबेल. प्रवासबंदी लागली की तीन वर्षं, चार वर्षं. नोकरी नाही, पगार नाही. स्मिताचा आणि ओजसचा व्हिसा तुझ्यावर आहे ना?" त्याने रिकामा कप चुरगळला. "मी धमकी देत नाही हां. मला खरंच तुझी काळजी वाटते."

त्याने शैलेंद्रला थेट झिंजला, घराच्या दारापर्यंत सोडलं. वर खिडकीत स्मिता उभी होती, तिला हातही केला.

शैलेंद्रने स्मिताला सगळं सांगितलं. म्हणजे फोनचं, फाइलचं, पगाराचं. ती पलंगाच्या कडेवर बसून ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिने एवढंच विचारलं, "उद्या मंगळवार आहे ना?"

"हो."

"मग जा."

"व्हिसा—"

"ते मी ऐकलं," ती म्हणाली. "आजपर्यंत तू त्या बाईंकडे का गेला नाहीस, ते मी विचारत नाहीये. उद्या जा."

मंगळवारी दीड वाजताच तो साइटवरून निघाला. कोणाला सांगितलं नाही. जसरा गाव मागे पडेपर्यंत फोन शांत होता. जनबियाच्या सिग्नलला तो पहिल्यांदा वाजला. स्वरूप. मग पुन्हा. मग साइट ऑफिस. मग पुन्हा स्वरूप. शैलेंद्रने फोन शेजारच्या सीटवर पालथा ठेवला. तो थरथरत थरथरत सीटच्या फटीकडे सरकत गेला.

क्लिनिकला तो दोन तास आधी पोचला. गाडीत बसून राहिला. पावणेचारला आत गेला तेव्हा शमाने मान वर केली आणि ती गडबडली.

"सर, आप?"

"चारची वेळ आहे ना माझी?"

"हाँ, लेकिन..." तिने कॉम्प्युटरच्या पडद्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "आज का पैसा तो सुबह ही आ गया, सर. साढ़े आठ बजे. मुझे लगा आपने कैंसल किया."

"मी फोन केला नव्हता."

"वही तो." तिने पडदा किंचित त्याच्याकडे वळवला. रक्कम, तारीख आणि खाली एक ओळ इंग्रजीत. *सहावं सेशन. पेशंट आला नाही.*

शैलेंद्रने ती ओळ दोनदा वाचली. सकाळी साडेआठला तो साइटवर होता. पहिल्या मजल्यावर उभं राहून प्लास्टर बघत होता. आणि तेव्हाच तो संध्याकाळी चारला न आल्याचे पैसे कोणी तरी भरून टाकले होते.

"आता काय करायचं, सर?" शमाने विचारलं. तिच्या चेहऱ्यावरचं नेहमीचं हसू गेलं होतं.

"आलाय असं लिहा," तो म्हणाला.

आतल्या खोलीत अरीबाने वही उघडली, तारीख टाकली. शैलेंद्रने बसायच्या आधीच विचारलं, की आज मी जे सांगेन ते लिहून ठेवता येईल का, आणि त्याची प्रत मला मिळेल का.

"मिल सकती है. फ़ाइल आपकी है. लेकिन क्यों?"

"उद्या जबाब आहे. ते म्हणणार आहेत, माझं डोकं ठिकाणावर नाही." मराठीत निघालेलं वाक्य त्याने पुन्हा हिंदीत सांगितलं.

अरीबाने पेन उचललं. "मैं यही लिख सकती हूँ कि आप आए, और पूरे होश में बात की. इससे ज़्यादा मेरे हाथ में नहीं है. और एक बात समझ लीजिए. काग़ज़ एक बार बन गया तो सिर्फ़ आपके काम नहीं आएगा. कोई और भी माँग सकता है."

"समजलं."

मग तो बोलू लागला. सैल क्लॅम्प, उलटलेली तारीख, सातचा फोन, स्वरूपचे शब्द, मंगळवारची कामं, सित्राचं रिकामं गोडाउन. सगळं ओळीने आलं. इतके आठवडे मनात रचून ठेवल्यासारखं. कुठे अडलं नाही. अरीबाचं पेन कागदावरून चालत होतं.

तो अर्ध्यावर असताना दारावर टकटक झाली. शमाने दार थोडं उघडून आत पाहिलं. कंपनीचा ड्रायव्हर आलाय, म्हणाली. सरांना घेऊन यायला सांगितलंय. अर्जंट आहे म्हणतोय.

खिडकीच्या पडद्याच्या फटीतून पांढऱ्या पिकअपचं नाक दिसत होतं. इंजिन चालू होतं. शैलेंद्रला उठायचं म्हटलं तर आत्ताही उठता आलं असतं.

"उनसे कहो, बैठें," अरीबा म्हणाली. "सेशन चल रहा है."

दार लागलं. त्याने राहिलेलं सांगून संपवलं. आता कोणीही ऐकलं तरी दोष कुणाचा ते सरळ दिसत होतं. अरीबाने शेवटची ओळ लिहिली आणि पेन खाली ठेवलं.

"बस? इतना ही?"

भिंतीवरच्या घड्याळात वीस मिनिटं उरली होती. ती नेहमीसारखी गप्प राहिली. समोर पाण्याचा ग्लास होता. शैलेंद्रने त्याला हात लावला नाही.

"नाही," तो म्हणाला. बाहेर पिकअपचं इंजिन बंद झाल्याचं ऐकू आलं.

"सही केल्यावर मी वर गेलो होतो," तो हिंदीत म्हणाला. "पाचव्या मजल्यावर. संतोष शाफ्टच्या तोंडाशी उभा होता. एकटाच. त्याने मला काही तरी सांगितलं. आमच्या भाषेत. आजूबाजूला दुसरं कोणी असतं तरी कळलं नसतं. ते कोणालाच माहीत नाही."

"क्या कहा उसने?"

त्याने तोंड उघडलं, पण हिंदीत ते येईना. दोनदा प्रयत्न केला. शेवटी त्याने हात पुढे केला. अरीबाने पेन त्याच्या हातात दिलं आणि वही फिरवून त्याच्यासमोर ठेवली. तिच्या इंग्रजी ओळींच्या खाली त्याने देवनागरीत, शाळेतल्यासारखं एकेक अक्षर सुटं काढत लिहिलं:

*सायबानू, फळी हलता. आज रवांदे.*

पेन तिथेच टेकलेलं राहिलं. शाईचा बारीक ठिपका पसरला. मग त्याने खाली आणखी एक ओळ लिहिली:

*सही झालीय रे. चढ.*

अरीबाने वही आपल्याकडे ओढून घेतली. तिला ती अक्षरं वाचता येत नव्हती. तिने पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. लाकूड हलतंय असं तो म्हणत होता, शैलेंद्रने सांगितलं. आजचा दिवस राहू दे, म्हणत होता.

तिने लिहून घेतलं. तिचं बोट खालच्या ओळीवर आलं.

"और ये? ये किसने कहा?"

"मैंने," शैलेंद्र म्हणाला.